त्रेसष्टाव्या वर्षाचे घड्याळ

आमच्या अब्बांना जन्माच्या तीन तारखा आहेत. शाळेच्या दाखल्यावर, आणि म्हणून पुढे आधार कार्डापर्यंत सगळीकडे, १ जून १९६० आहे. त्या काळी आई-वडिलांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहून टाकत, म्हणजे शाळा सुरू होताना मुलाचे वय बरोबर भरे. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसे किती आहेत हे कुठल्याही गावच्या मतदार यादीवरून कळेल. अब्बांच्या बाबतीत गुरुजींनी एक वर्ष जास्तीचे लावले, त्यामुळे ते कंपनीतून एक वर्ष आधी निवृत्त झाले. यावर ते कधी काही बोलले नाहीत. अम्मी मात्र अजून बोलते.

दुसरी तारीख दादीने सांगितलेली. १२ जुलै १९६१ ला बुधवारी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि मुठेच्या काठचे पुणे पाण्याखाली गेले. आमचे दादा त्या दिवशी गवताचे भारे विकायला पुण्यात गेले होते. आमचे चांदे गाव मुळेच्या बाजूला, त्यामुळे इथे पाणी आले नाही, पण दादाही आले नाहीत. घरी रडारड सुरू झाली. तिसऱ्या दिवशी, जुम्याला, ते चिखलाने माखलेले चालत घरी पोचले, तेव्हा दारातच त्यांना सांगितले गेले की सकाळी मुलगा झाला. म्हणजे १४ जुलै १९६१. याहून पक्की जन्मतारीख मला कुणाची माहीत नाही.

तिसरी तारीख हिजरी. ती अब्बांनी स्वतः पुढे हिशेब करून काढली, मुहर्रम १३८१ चा शेवट. चांद्र वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे हिजरी वय पुढे पळते. इंग्रजी एकसष्ट वर्षे आणि दीड महिना झाला की हिजरी त्रेसष्ट पूर्ण होतात. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) त्रेसष्टाव्या वर्षी या दुनियेतून गेले, म्हणून आमच्याकडची वडीलधारी माणसे त्या वयाची मनातल्या मनात वाट पाहत असतात. अब्बा साठीचे कौतुक करणाऱ्यांपैकी नव्हते. केक, मेणबत्त्या हे तर आमच्या घरात कधीच नव्हते. पण मुहर्रम १४४४ जवळ यायला लागला तेव्हा मी त्यांना दोनदा बोटांवर हिशेब करताना पाहिले. त्यांना काहीतरी द्यायचे हे मी तेव्हाच ठरवले, आणि काय द्यायचे याचा विचार करावा लागला नाही. त्यांचे मनगट वर्षभर रिकामे होते.

त्या रिकाम्या मनगटाची गोष्ट आधी सांगायला हवी. १९८५ मध्ये अब्बांचा निकाह झाला. अम्मीचे माहेर ताम्हिणी घाट उतरून खाली, माणगावच्या बाजूला. नानांनी जावयाला एचएमटीचे जनता घड्याळ दिले होते. त्या काळी लग्नात द्यायचे घड्याळ म्हणजे एचएमटी, हे ठरलेलेच. पैसेवाले कांचन देत, तेही ओळख काढून मिळवावे लागे. बाकीचे जनता देत. नानांनी मागच्या झाकणावर अब्बांचे नाव आणि निकाहची तारीख कोरून घेतली होती. पांढरी डायल, त्यावर देवनागरीत 'जनता', साधे काटे. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली ते साल १९६१, म्हणजे अब्बा आणि ही घड्याळे एकाच वयाची. हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "त्यांचा कारखाना बंद झाला, माझा अजून चालू आहे." घड्याळांचे कारखाने बंद करायला केंद्र सरकारने २०१६ च्या जानेवारीत मंजुरी दिली होती.

त्या घड्याळावर अब्बांनी तेहतीस वर्षे चिंचवडची पाळी गाठली, आधी सायकलवर, नंतर लुनावर. फाटकावर तीन मिनिटे उशीर झाला की अर्धा दिवस कापला जाई. पण घड्याळाचे खरे काम घरी होते. आमचे घर गावापासून बाजूला, मळ्यात. तिथे अजान ऐकू येत नाही. दादा अंगणात काठी रोवून सावलीवर वेळ पाहत. अब्बा फजरनंतर घड्याळाला चावी देत आणि आकाशवाणी पुण्याच्या सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की काटे जुळवत. सगळे घर त्यांच्या मनगटावर चाले.

त्यातली एक गंमत फक्त आमच्यासारख्या घरांना कळेल. अम्मी कोकणातली, म्हणजे शाफई. अब्बा घाटावरचे, हनफी. शाफईंची असर वस्तूची सावली दुपारच्या मूळ सावलीपेक्षा वस्तूएवढी वाढली की सुरू होते. हनफींची दुप्पट वाढल्यावर. पुण्यात या दोहोंत तासाभराचे अंतर पडते. त्यामुळे आमच्या घरी रोज दोनदा असर होते. अब्बा ओट्यावरून हाक मारत, "तुझी झाली गं, माझी राहिली." लहानपणी मला वाटे, अम्मीच्या घड्याळात काही वेगळे आहे. अम्मीकडे घड्याळच नव्हते. तिची वेळही अब्बांच्याच मनगटावर होती.

घड्याळ आणि सूर्य यांचा मेळ आपल्याकडे तसाही नाही. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आणि आपण बरेच पश्चिमेला. इथे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा पस्तीस झालेले असतात. मुंबईने तर आपली जुनी वेळ, प्रमाणवेळेहून एकोणचाळीस मिनिटे मागची, स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडली नव्हती. सूर्य आणि घड्याळ जुळवण्यासाठी पूर्वी मोठ्या मशिदींमध्ये 'मुवक्कित' नावाचा माणूस नेमलेला असे. दमिश्कच्या उमय्यद मशिदीचे मुवक्कित इब्न अल-शातिर हे मोठे खगोलशास्त्रज्ञ. तिथल्या मिनारासाठी त्यांनी बनवलेले सावलीघड्याळ सुमारे १३७१ चे आहे. आमच्या मळ्यातले मुवक्कित अब्बा.

एप्रिल २०२१. रमजान सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले होते. अब्बांना ताप, मग धाप. ऑक्सिजन ८८. बेड मिळाला तो रात्री दोनला, कुठल्या हॉस्पिटलात ते इथे लिहीत नाही, कारण तेव्हा सगळीकडेच तसे होते. आत नेताना त्यांचे कपडे, चष्म्याचे घर, पाकीट आणि घड्याळ एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवले. ईदच्या आधी चौदा दिवसांनी अब्बा घरी आले, अलहम्दुलिल्लाह. पिशवी आली नाही. भाऊ तीन-चार वेळा जाऊन आला. ज्यांनी आपली माणसे गमावली ते लोक तिथे रांगेत उभे असताना घड्याळ विचारायची लाज वाटायची, असे तो म्हणाला.

आत काय झाले हे अब्बांनी बऱ्याच दिवसांनी सांगितले. वॉर्डला खिडकी नव्हती, ट्यूबलाइट चोवीस तास चालू. रात्र की दिवस कळत नसे. शेजारच्या बेडवर एक गृहस्थ होते, त्यांच्याजवळ फोन होता. अब्बा त्यांना वेळ विचारत आणि पडल्या पडल्या इशाऱ्याने नमाज पढत. पुढे पुढे ते गृहस्थ न विचारताच सांगायला लागले, "चाचा, सव्वाचार." सहाव्या की सातव्या दिवशी तो बेड रिकामा झाला. त्यानंतर अब्बांनी सगळ्या नमाजा अंदाजाने पढल्या. घरी आल्यावर त्यांना शंका राहिली की कुठली वेळेवर झाली, कुठली नाही. एका आलिमांना विचारले. ते म्हणाले, त्या अवस्थेत अंदाज पुरेसा आहे, अल्लाहने माफ केले असेल. अब्बांनी मान डोलावली आणि तरी चौदा दिवस प्रत्येक नमाजेबरोबर एक कजा पढली.

त्या वर्षी जुलैत साठी आली आणि गेली. कुणाला आठवणही झाली नाही. एक मात्र रोज दिसे. अब्बा बोलता बोलता डावे मनगट वर करत, पाहत आणि हात खाली घेत.

भावाचे मत स्मार्टवॉचचे होते. तो हिंजवडीत नोकरी करतो, चांद्याहून हाकेच्या अंतरावर. अजानची आठवण, किब्ल्याची दिशा, नाडी, ऑक्सिजन, सगळे मनगटावर. मला ते पटलेही होते, कारण त्यांची काळजी होतीच. त्याने अब्बांना सहज विचारले. अब्बा म्हणाले, "ऑक्सिजनचा आकडा दाखवतं का? मग नको. तो आकडा चौदा दिवस पाहिलाय." विषय संपला.

सेलवरचे साधे क्वार्ट्झ घड्याळ घ्यावे असे माझ्या नवऱ्याचे म्हणणे. बरोबर चालते, वर्ष-दोन वर्षे बघावे लागत नाही. खरे आहे. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला बत्तीस हजारांहून जास्त वेळा थरथरतो, चावीच्या घड्याळाचे चक्र फक्त पाच ठोके देते. वेळेच्या शर्यतीत चावीचे घड्याळ हरणारच. पण अब्बांची सवय फजरनंतर चावी द्यायची होती, आणि आजारपणानंतर त्यांच्या दिवसातल्या बऱ्याच सवयी एकेक करून गळून पडल्या होत्या. ही एक परत यावी, एवढेच माझ्या डोक्यात होते. तेव्हा ठरले: चावीचे, शक्य तर एचएमटी, शक्य तर जनता.

मग अटी सुरू झाल्या. अम्मीला सांगावेच लागले, आणि तिने पहिली अट घातली की सोनेरी नको. एका दुकानात मी एचएमटी सोना पाहिले होते, पातळ, सोनेरी, इतके देखणे की हातातून ठेववत नव्हते. दुकानदार म्हणाला, "अहो ताई, नुसता मुलामा आहे." पुरुषांना सोने मना आहे हे आपल्याला ठाऊक आहे, मुलाम्यातले सोने वेगळे काढता येण्याइतके नसेल तर अनेक हनफी आलिम सूट देतात, काहींना तेही पसंत नाही. मी ही माहिती अम्मीला पुरवली. ती म्हणाली, "त्यांना विचारावं लागेल असं घड्याळ देऊच नकोस." तिचे बरोबर होते. स्टीलचे ठरले.

पट्ट्याचाही प्रश्न निघाला. चामड्याचा पट्टा म्हटला की कुठल्या जनावराचे चामडे, हे आपल्याला विचारावे लागते, आणि दुकानदाराला बहुतेक वेळा सांगता येत नाही. वरून म्हशीचे आणि आत अस्तर भलतेच, असेही असते. शिवाय वुजूच्या वेळी घड्याळ काढले तरी ओल्या हातावर पुन्हा बांधले जाते, आणि चामडे कुजते. स्टीलची स्प्रिंगची पट्टी अब्बांच्या हाताचे केस ओढे. शेवटी काळा नायलॉनचा घेतला. दिसायला साधा, पण लवकर वाळतो.

घड्याळाच्या बाबतीत मात्र मी फसले. ऑनलाइन एक जनता मागवले. फोटोत नवे कोरे, डायल गडद निळी. पंधराशे रुपये. हातात आल्यावर मी खुशीत होते. कॅम्पातल्या एका गल्लीत, जिन्याखालच्या खोपटात बसणारे एक म्हातारे घड्याळजी आहेत. पट्टा बदलायला त्यांच्याकडे गेले. चाचांनी डोळ्याला भिंग लावले, मागचे झाकण उघडले आणि काही न बोलता भिंग मला दिले. आत गंज, एक स्क्रू गायब. मग डायल दाखवली. नव्याने रंगवलेली, अक्षरांच्या कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेघा आणि काट्याचे टोक जुळत नाही. "तीन-चार मेलेल्या घड्याळांचं मिळून एक केलंय," ते म्हणाले. जुने एचएमटी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पन्नास वर्षांचे घड्याळ चकाकत असेल तर सावध व्हा. डायल थोडी पिवळी पडलेली, काचेवर ओरखडे, असे असेल तर उलट बरे. आणि घेण्याआधी झाकण उघडून दाखव म्हणा. न दाखवणाऱ्याकडून घेऊ नका.

चाचांचा एक खण उघडा होता. त्यात घड्याळेच घड्याळे, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. मी म्हटले, यातले एखादे विकत द्या ना. ते म्हणाले, ही दुरुस्तीला आलेली. २०२० पासूनची, २०२१ ची. लोक घ्यायला आलेच नाहीत. फोन लागत नाहीत. काही घरी जाऊन आलो. "अमानत आहे, विकता येत नाही. महिन्यातून एकदा सगळ्यांना चावी देतो, तेल सुकू नये म्हणून."

मी विचारून एक-दोन हातात घेतली. मग आणखी काही. मी काय करते आहे हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही, कारण मी प्रत्येक घड्याळ उलटे करून मागचे झाकण पाहत होते. अब्बांचे घड्याळ तिथे असायचे काही कारण नव्हते. ते दुरुस्तीला गेलेच नव्हते. चाचा काही बोलले नाहीत. खणातली उरलेली घड्याळे एकेक काढून, उलटी करून माझ्यासमोर ठेवत गेले, सगळी संपेपर्यंत.

नंतर त्यांनी विचारले, वालिदसाहेबांना कसे हवे? मी सगळे सांगितले. त्यात हेही सांगितले की मधुमेह आणि आजारपण मिळून त्यांच्या उजव्या हाताची बोटे बधिर झाली आहेत. चाचा म्हणाले, मग जनताची बारीक चावी फिरणार नाही. हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. चावीचे घड्याळ घ्यायचे म्हणून मी दोन महिने हिंडत होते, आणि ती चावी फिरवायची बोटे कशी आहेत याचा विचार केला नव्हता.

चाचा रविवारी स्वतः जुन्या बाजारात गेले. तीन आठवड्यांनी फोन आला. जनता, सतरा ज्वेलचे, डायल मूळची, साबुदाण्यासारख्या रंगाची झालेली, बाराही आकडे ठळक. अब्बांचा मोतीबिंदू धरून ते आकडे मला फार आवडले. स्प्रिंग नवी, काच नवी, आणि चावी दुसऱ्या मोठ्या घड्याळाची, जाड दातांची. "दिसायला विजोड आहे," ते म्हणाले, "पण पकडीत येईल." मागच्या झाकणावर नाव कोरायचे का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले. तिथे एकच नाव होते आणि ते गेले.

मुहर्रमच्या शेवटच्या दिवसांत, म्हणजे गेल्या ऑगस्टअखेर, मी चांद्याला राहायला गेले. वाढदिवस हा शब्द कुणी उच्चारला नाही. फजर झाली, अम्मीने चहा टाकला, आणि मी डबी त्यांच्यासमोर ठेवली. "हदिया आहे," म्हटले. हदिया परत करायचा नसतो, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेले.

अब्बांनी घड्याळ आधी कानाला लावले. मग उलटे केले आणि कोऱ्या झाकणावरून अंगठा फिरवला. चावी फिरवायला घेतली. पाच-सहा वेळा फिरली, मग बोट घसरले. परत धरली, परत घसरली. मला वाटले, चूक झाली, भावाचे ऐकायला हवे होते. तेवढ्यात अम्मीने पदराला हात पुसले, घड्याळ त्यांच्या हातातून घेतले आणि उभ्या उभ्याच चावी द्यायला लागली. "किती द्यायची असते?" तिने विचारले. अब्बा म्हणाले, "घट्ट लागेपर्यंत. जोर नाही करायचा." सदतीस वर्षांत तिने पहिल्यांदा त्यांच्या घड्याळाला हात लावला होता.

तेव्हापासून फजरनंतर चावी अम्मी देते आणि सात-पाचला काटे अब्बा जुळवतात. दुपारी घड्याळ कुणाच्या मनगटावर असते याचा नेम नाही. अम्मी तिच्या असरच्या आधी काढून घेते आणि पुष्कळदा परत द्यायला विसरते. मग अब्बा तिला आतून वेळ विचारतात.

एक तक्रार आहे. घड्याळ रोज मिनिटभर पुढे जाते. चार दिवस रेडिओ लावायचा राहिला तर चार मिनिटे. मी म्हटले, जाऊ द्या अब्बा, मागे पडण्यापेक्षा पुढे बरे. ते म्हणाले, "सहरीला बरं. सहरी चार मिनिटं आधी बंद झाली तर रोजा बिघडत नाही. इफ्तार चार मिनिटं आधी केला तर?" रमजान आता महिन्यावर आला आहे. या रविवारी घड्याळ चाचांकडे न्यायचे आहे. परत मिळेपर्यंत दोघांचे कसे चालायचे, हे अजून ठरलेले नाही.